रुंब्याचा सातबारा

डिसेंबर २०२१मध्ये युनेस्कोनं काँगोचा रुंबा हा नाच-संगीताचा प्रकार मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवला. अर्ज दोन देशांनी मिळून केला होता. एक किन्शासावाला काँगो, दुसरा ब्राझाव्हिलवाला काँगो. मधे काँगो नदी, आणि नदीच्या दोन काठांवर दोन राजधान्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलेल्या. राजकारणात या शेजाऱ्यांचं नेहमीच पटतं असं नाही, पण रुंब्यासाठी दोघांनी एकाच कागदावर सही केली. बातमी आली तेव्हा मलाही बरं वाटलं. या संगीतातली गिटार एकदा कानात शिरली की दिवसभर निघत नाही, आणि तिचं नाव जगाच्या दप्तरी लागलं तर वाईट काय आहे?

पण त्याच यादीत २०१६ साली क्युबाचा रुंबाही नोंदवलेला आहे. म्हणजे एकाच नावाचे दोन सातबारे झाले. आणि दोन सातबारे निघाले की मूळ मालक कोण याचा वाद गावात होतोच.

काँगोच्या बाजूनं जो पुरावा पुढे केला जातो तो असा. जुन्या कोंगो राज्यात 'न्कुम्बा' नावाचा जोडीनं करायचा नाच होता. किकोंगो भाषेत न्कुम्बा म्हणजे बेंबी, कंबरेचा भाग. नाचणारे बेंबीला बेंबी लावून नाचायचे. पुढे गुलामांची जहाजं भरली, माणसं क्युबाच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांच्याबरोबर हा नाचही गेला. तिथे न्कुम्बाचा रुंबा झाला. आणि विसाव्या शतकात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बसून तो आपल्या घरी परत आला. भाषणांत, माहितीपटांत, वर्तमानपत्रांत ही गोष्ट आता इतक्यांदा सांगून झाली आहे की तिला कुणी आडवं जात नाही.

गोष्ट फार गोल आहे. कुठूनही ढकला, गडगडत घरीच येते.

ती सगळी खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट काँगोचा मान वाढवायला म्हणून सांगतात आणि तिच्यामुळे काँगोच्याच कलाकारांचं श्रेय कमी होतं. हरवलेलं पोर घरी आलं, एवढंच जर झालं असेल, तर १९४० आणि ५०च्या दशकांत लिओपोल्डव्हिलच्या वस्त्यांत रात्र रात्र बसून ज्यांनी बोटं सोलवटली त्यांनी काय केलं? नुसती दाराची कडी काढली? (लिओपोल्डव्हिल हे किन्शासाचं बेल्जियन राजवटीतलं नाव. ते १९६६ साली बदललं.)

आधी नावाचंच बघू.

१९३० साली न्यूयॉर्कमध्ये क्युबाच्या डॉन आस्पियासू यांच्या वाद्यवृंदानं 'एल मानिसेरो' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याची आरोळी घेऊन बांधलेलं गाणं. जगभर ते तुफान चाललं. हे गाणं ज्या जातीचं होतं तिला क्युबात 'सोन' म्हणतात. गिटारच्या घराण्यातली वाद्यं, ट्रंपेट, मराका, दोन लाकडी दांडक्यांचा ठेका. क्युबाचा खरा रुंबा ही पूर्ण निराळी चीज आहे. हवाना आणि मातान्सासच्या गोदी कामगारांच्या चाळींत, मधल्या अंगणात तो वाढला. त्यात गिटार नाही, ट्रंपेट नाही, फक्त गळा आणि चामडं. चामडंही नसलं तर खोकी. खारवलेल्या माशांच्या मोठ्या खोक्यातून खर्ज काढायचा आणि मेणबत्त्यांच्या छोट्या खोक्यातून टीप. यांबू, ग्वाग्वांको, कोलंबिया ही त्याची अंगं. हा रुंबा ऐकलेला माणूस 'एल मानिसेरो'ला रुंबा म्हणणार नाही. आपल्याकडे कुणी नाट्यपदाच्या तबकडीवर 'पोवाडा' छापावं, तसलाच हा प्रकार.

पण अमेरिकन कंपनीला माल खपवायचा होता. 'सोन' हा शब्द तिथल्या गिऱ्हाइकाला काय कळणार? 'रुंबा' हा शब्द जिभेवर बसणारा, कंबर हलवणारा. लेबलावर छापलं गेलं 'रुंबा फॉक्स-ट्रॉट'. पुढे १९३३मध्ये हिज मास्टर्स व्हॉइसनं आफ्रिकेच्या बाजारासाठी क्युबन तबकड्यांची 'जीव्ही' ही खास मालिका काढली. तिच्यात क्रमांक एकची तबकडी होती हीच, एल मानिसेरो. नंतरची वीसेक वर्षं या तबकड्या मटाडी बंदरातून, दुकानांतून, खलाशांच्या पेट्यांतून लिओपोल्डव्हिल आणि ब्राझाव्हिलच्या दारूच्या गुत्त्यांपर्यंत पोचत राहिल्या. लोकांनी त्यांना नुसतं 'जीव्ही' म्हणायला सुरुवात केली.

म्हणजे काँगो नदीच्या काठावर 'रुंबा' हा शब्द उतरला तो पूर्वजांच्या ओठांवरून नव्हे. तो उतरला एका कंपनीच्या विक्री खात्याच्या कृपेनं, आणि तोही चुकीचा. तबकडीत सोन, कागदावर रुंबा. न्कुम्बा आणि रुंबा या शब्दांचं नातं भाषाशास्त्रज्ञांनी खुशाल तपासावं, असेलही. पण काँगोच्या संगीताला हे नाव मिळालं त्याचा रस्ता न्यूयॉर्कच्या छापखान्यातून जातो, आणि दोन सातबाऱ्यांवर एकच नाव पडण्याचं कारणही तेच आहे. खाली जमीन दोन वेगळ्या आहेत.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे, रक्त तर आफ्रिकेचंच ना? हा मुद्दा खरा आहे आणि तो आधी मान्य करून टाकतो. क्युबात नेलेल्या गुलामांमध्ये कोंगो प्रदेशातल्या माणसांची संख्या मोठी होती. त्यांचे ढोल, त्यांचे देव, त्यांची भाषा तिथे आजही ओळखू येते. कोंगा या ढोलाच्या नावातच गावाचं नाव आहे. सोनमध्येही स्पॅनिश गिटार आणि आफ्रिकी ठेका यांचा संसार आहे. लिओपोल्डव्हिलच्या पोरांना जीव्हीच्या तबकडीत ओळखीचं काही ऐकू आलं असेल यात नवल नाही. पण ओळखीचं ऐकू येणं वेगळं आणि ते आपलंच होतं म्हणणं वेगळं. मधे तीन-चारशे वर्षं गेली. क्युबात तितक्या वर्षांत तितक्या माणसांनी जे घडवलं ते त्यांचं. आजोबांचं नाक नातवाला आलं म्हणून नातवाची कमाई आजोबांच्या खात्यात जमा होत नाही.

शब्द कसे प्रवास करतात याचं एक उदाहरण आपल्या दारातच आहे. गुजरातमधल्या रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. तिथले सिद्दी ढोलावर जो नाच करतात त्याला ते 'गोमा' म्हणतात, धमालही म्हणतात. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून आलेले. आपल्याला ते जंजिऱ्यामुळे माहीत. बांटू कुळातल्या असंख्य भाषांत 'ङोमा' म्हणजे ढोल, आणि स्वाहिलीत तर ढोल, नाच आणि नाचाचा सोहळा या तिन्हींना हा एकच शब्द पुरतो. गोमा तो हाच. आणि १९४८ साली लिओपोल्डव्हिलमध्ये एका ग्रीक व्यापाऱ्यानं तबकड्यांची कंपनी काढली, तिचं नावही ङोमा. दोन टोकांना एक शब्द. पण रतनपूरचा गोमा ऐका: पाय असलेला उभा मुगरमान ढोल, भोपळा लावलेल्या धनुष्यासारखं मलुंगा, शंख, पिराच्या नावाचा पुकारा. शब्द आफ्रिकेचा, पण जे घडलं ते पिढ्यान् पिढ्या इथल्या मातीत, इथल्या पिराच्या अंगणात. त्याला 'आफ्रिकेची जपून ठेवलेली आठवण' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. सिद्दींनी इथे येऊन काय केलं ते मग बघावं लागत नाही.

तर लिओपोल्डव्हिलमध्ये काय केलं गेलं, ते जरा जवळून बघू.

हे शहर मजुरांचं. १८९८ साली मटाडीपासून इथवर रेल्वे आली, आणि मग रेल्वे, गोदी, कारखाने यांसाठी चहूकडून माणसं आली. प्रत्येकाची भाषा निराळी, म्हणून नदीवरच्या व्यापाराची आणि फौजेची लिंगाला सगळ्यांची भाषा झाली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कारकून आणि कारागीर आले, त्यांनी दोन बोटांनी गिटार छेडण्याची खलाशांची पद्धत आणली. तबकड्या यायच्या आधीपासून इथे 'मारिंगा' नाचला जात होता. बाटलीवर ठेका, एक चौकटीचा ढोल, आणि लिकेंबे. लिकेंबे म्हणजे छोट्या लाकडी पेटीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही अंगठ्यांनी दाबून सोडायच्या. एक अंगठा एक सूर फिरवत ठेवतो, दुसरा त्याच्या फटींतून दुसरा सूर ओवतो. दोघांची वेणी पडत जाते आणि थोड्या वेळानं कुठला सूर कुठल्या अंगठ्याचा हेच कळेनासं होतं.

ही वेणी लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर आहे.

बेल्जियन राजवटीत शहराचे दोन तुकडे होते. रात्री गोऱ्यांच्या वस्तीत आफ्रिकन माणसाला परवान्याशिवाय फिरता येत नसे. मिशनच्या शाळेत चर्चची गाणी, फौजेत ब्रास बँड. अशा जागी जीव्हीच्या तबकडीचं आकर्षण काय असेल? ते संगीत शहरी होतं, नव्या जमान्याचं होतं, आणि बेल्जियन नव्हतं. गाणारे काळे-सावळे होते. आधुनिक व्हायचं तर गोऱ्या साहेबासारखंच व्हावं लागतं, या शिकवणीला ती तबकडी परस्पर खोडून काढत होती. तरुणांनी ती गाणी तोंडपाठ केली. स्पॅनिश कुणाला येत नव्हती, म्हणून स्पॅनिशसारखे वाटणारे अर्थहीन शब्द ठोकून दिले. हे मला फार गोड वाटतं. घरी परत आलेल्या वारशाशी कुणी असं वागत नाही. परक्या, हव्याहव्याशा वस्तूशी मात्र माणूस असंच वागतो.

मग हळूहळू लिंगाला शब्द आले. ग्रीक दुकानदारांनी कापडाच्या आणि किराण्याच्या धंद्याला जोड म्हणून ध्वनिमुद्रण सुरू केलं. ङोमा निकोलास जेरोनिमिडिस यांची, १९५०ची लोनिंगिसा बासिल पापादिमित्रिऊ यांची. नदीवरच्या बोटींवर काम केलेला वेंडो कोलोसोय १९४८मध्ये ङोमासाठी 'मारी-लुईझ' गायला, सोबत गिटारवर आँरी बोवान. गाणं इतकं चाललं की मध्यरात्री वाजवलं तर मेलेले उठून बसतात अशी वदंता पसरली. पाद्री लोकांना ती रुचली नाही.

आणि याच गाण्याच्या आसपास ती गोष्ट आकाराला आली जिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतोय: 'सेबेन'.

काँगोचं गाणं सुरू होतं तेव्हा घाई नसते. गायक कडवी म्हणतो, प्रेयसीची, बेइमान मित्राची, कर्जाची. जोडपी पावलं जेमतेम उचलून कंबरेवर डुलत असतात. मग एका जागी शब्द संपतात आणि गिटार मोकळी सुटते. दोन-तीन सुरांचीच साखळी, पण ती फिरत राहते, फिरता फिरता एखादी कडी बदलते, ठेका तापतो. सेबेन आलं की बसलेला माणूस उठतो. हा लांबवलेला भाग खुलवण्याचं श्रेय बोवानला दिलं जातं. पुढे ५०च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आली आणि एकीच्या तीन झाल्या. एक ठेका धरणारी, एक वर उडणारी, आणि दोघींच्या मधली, जिला तिकडे 'मी-सोलो' म्हणतात. ही मधली ऐकायला शिका. ती ना पूर्ण ठेका, ना पूर्ण आलाप. ती दोघींच्या फटींतून सूर ओवत जाते.

लिकेंबेचे अंगठे आठवले ना? क्युबाच्या सोनमध्ये पियानो आणि ट्रंपेट जे काम करत होते ते इथे गिटारींनी ओढून घेतलं, आणि ते करताना अंगठ्यांची जुनी वेणी सहा तारांवर आणली. असलं सेबेन क्युबात नाही आणि न्कुम्बातही असणं शक्य नाही. ते या शहरात, या माणसांनी, पगाराचं काम संपल्यावर घडवलं. माझ्या लेखी काँगोचा दावा इथे आहे, आणि तो बेंबीच्या व्युत्पत्तीपेक्षा दसपट भक्कम आहे.

मग व्युत्पत्तीचाच आधार का घ्यावासा वाटतो? मला वाटतं, वसाहतीच्या काळात युरोपनं आफ्रिकेबद्दल एक समज पसरवला होता: हा खंड म्हणजे पुरातन रूढी, ढोल आणि जंगल. तिथे जे मोलाचं ते प्राचीन, आणि नवं जे काही असेल ते उसनं. या समजाला उत्तर द्यायचं म्हणून आपण म्हणतो, 'रुंबा उसना नाही, तो आमच्याकडे शेकडो वर्षांपासून होता.' उत्तर देशाभिमानाचं आहे, पण त्यानं प्रश्नकर्त्याची अटच मान्य केली. प्राचीन असेल तरच आपलं, ही ती अट. १९५०चा एक आफ्रिकन कामगार इलेक्ट्रिक गिटार घेऊन जगात कुठेच नव्हतं असं काहीतरी रचू शकतो, हे म्हणायला आपण अजून कचरतो.

आणि काँगोनं स्वतः तरी हे कधी लपवलं होतं? जानेवारी १९६०मध्ये ब्रसेल्सला स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी गोलमेज परिषद भरली तेव्हा जोसेफ काबासेले आपला 'आफ्रिकन जॅझ' हा वाद्यवृंद घेऊन तिथे गेले होते. गिटारवर डॉक्टर निको. तिथेच त्यांनी स्वातंत्र्याचं गाणं रचलं. गाण्यात लुमुंबा, कासावुबू अशा पुढाऱ्यांची आणि पक्षांची नावं, भाषा लिंगाला, जोडीला किकोंगो आणि चिलुबा. फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकेत ते गाणं स्वातंत्र्याचं जणू राष्ट्रगीत झालं. त्याचं नाव 'अँदेपांदाँस चा-चा'. वाद्यवृंदाच्या नावात जॅझ, गाण्याच्या नावात क्युबाचा चा-चा-चा, पहिला शब्द फ्रेंच. एका नव्या देशाच्या जन्माचं गाणं अशा तीन उसन्या लेबलांखाली उभं होतं आणि कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. उसनं घेतलेलं पचवण्याची ताकद असली की सावकाराचं नाव सांगायला लाज वाटत नाही.

'मूळ' शोधण्याचा सोस आला तो नंतर, आणि तो आला राजवाड्यातून. किन्शासाचे हुकूमशहा मोबुटूंनी १९७१मध्ये देशाचं नाव झाईर केलं, 'अस्सलपणा' हे सरकारी धोरण झालं. ख्रिस्ती नावं गेली, कोट-टाय गेला. फ्रान्स्वा लुआम्बो, म्हणजे सगळ्यांचा लाडका फ्रँको, त्यालाही नाव बदलावं लागलं. फ्रँकोची आई बाजारात पिठाचे गोड गोळे तळून विकायची आणि हा पोरगा शेजारी बसून गिटार वाजवत गिऱ्हाइकं जमवायचा. १९५६मध्ये ओके बारमध्ये ज्यांनी 'ओके जॅझ' उभा केला त्यांत तो होता, आणि पुढची तीसेक वर्षं तो या संगीताचा अनभिषिक्त राजा राहिला. अस्सलपणाच्या धोरणात त्याची इलेक्ट्रिक गिटार आणि सॅक्सोफोन मात्र जागच्या जागी राहिले. मोबुटूंना ते हवे होते. १९७८मध्ये अश्लील गाण्यांबद्दल याच फ्रँकोला तुरुंगात टाकलं, आणि १९८४च्या निवडणुकीत मोबुटू हेच आमचे उमेदवार असं लांबलचक गाणं यानंच गायलं. तेव्हा सरकार एखाद्या संगीताला 'आमचं, मुळापासून आमचं' म्हणायला लागलं की मी खिसा चाचपून बघतो.

खिशावरून आठवलं. वारशाच्या गप्पांत पैशाची गोष्ट फारशी निघत नाही. ग्रीक दुकानदारांच्या स्टुडिओंत गाणाऱ्याला तबकडीमागे ठरावीक रक्कम मिळायची आणि विषय संपायचा; पुढे तबकडी किती खपली याच्याशी त्याचा संबंध नसे. वेंडो, ज्याच्या गाण्यानं मेलेले उठत होते, तो मोबुटूंच्या काळात मंचावरून जवळजवळ नाहीसाच झाला आणि ९०च्या दशकात म्हातारपणी त्याला पुन्हा शोधून काढावं लागलं. आज चित्र काय? काँगोच्या गाण्यात मधेच माणसांची नावं ऐकू येतात. हिरे-व्यापारी, कर्नल, पॅरिसमधला कुणी दुकानदार. याला 'लिबांगा' म्हणतात, शब्दशः दगड. पैसे मोजायचे आणि आपलं नाव गाण्यात टाकून घ्यायचं. काही गाण्यांत ही यादी संपता संपत नाही. लोक नावं ठेवतात, कलाकार विकले गेले म्हणतात. पण रॉयल्टी हातात पडत नाही तिथे गायकानं पोट कशावर भरायचं? पुढाऱ्यांची नावं घेतल्याचा राग म्हणून परदेशातल्या काँगोवासीयांनी कितीतरी वर्षं पॅरिस-ब्रसेल्समधले कार्यक्रम उधळले. फेब्रुवारी २०२०मध्ये काँगोचा गायक फाली इपुपाचा पॅरिसमधला कार्यक्रम होता तेव्हा गार द लियों स्टेशनाजवळ जाळपोळ झाली. त्या धुराखाली वारशाचा कुठला कागद होता? मालकीहक्काचा खरा कागद म्हणजे कलाकाराचा करार. तो नीट करून द्या, मग न्कुम्बावर हवी तितकी भाषणं करा. दोन्ही सरकारांकडे माझं मागणं एवढंच आहे.

आणि अजून एक नाव या सातबाऱ्यावर चढलेलं नाही: बायकांचं. गायिका होत्याच, ५०च्या दशकात लुसी एयेंगा, पुढे अबेटी मासिकिनी, मपोंगो लव्ह, मबिलिया बेल. पण मी म्हणतोय त्या वेगळ्या. लिओपोल्डव्हिलमधल्या बायकांची मंडळं असत, आपल्याकडच्या भिशीसारखी. पैसे जमवायचे, एकसारख्या कापडाचे कपडे शिवायचे आणि एखाद्या बारमध्ये एखाद्या वाद्यवृंदाला आश्रय द्यायचा. कुठलं गाणं चालणार, कुठली चाल पुन्हा वाजणार, कुणी मंचावर टिकणार, हे पुष्कळदा त्यांच्या टेबलावर ठरे. नाच ज्याला म्हणतात तो नाचला कुणी? अर्ध्याहून अधिक त्यांनीच. संगीताचा इतिहास गिटारवाल्यांच्या नावांनी लिहिला जातो (मीही वर तेच केलं), आणि ज्यांच्या पावलांकडे बघत गिटारवाल्यानं सेबेन लांबवलं त्या बायका गर्दीत विरून जातात.

बाकी प्रसाराची कथा मोठी आहे, ती धावतीच सांगतो. १९६९च्या अखेरीस शाळा-कॉलेजातल्या पोरांनी 'झायको लंगा लंगा' काढला, ट्रंपेट-सॅक्सोफोन काढून टाकले, ड्रमचा ठेका पुढे आणला. पुढे गाजलेला गायक पापा वेंबा यांच्यातलाच. देशात खायची पंचाईत झाली तसे वाद्यवृंद पूर्वेला निघाले. केनियात या संगीताला लोक सरळ 'लिंगाला' म्हणतात, भाषेचं नाव संगीताला. सांबा मापांगाला नैरोबीत स्थिरावला. रेमी ओंगाला दार-ए-सलामला गेला आणि स्वाहिलीत गाऊन टांझानियाचाच झाला. ८०च्या दशकात पॅरिसच्या स्टुडिओंनी सुरुवातीची सावकाश कडवी कापून टाकली, थेट सेबेनपासून गाणं सुरू केलं. तो सुकूस. मला तो फार वेळ ऐकवत नाही. वाट न बघता मिळालेलं सेबेन मला उष्टं लागतं. पण तिकडची पोरं त्यावर रात्रभर नाचली, तेव्हा माझ्या मताला कोण विचारतो.

सप्टेंबर १९७४मध्ये, अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या निमित्तानं, किन्शासाच्या स्टेडियमवर मोठा संगीत महोत्सव झाला. फ्रँको होता, काँगोचाच गायक टाबू ले होता, अमेरिकेहून जेम्स ब्राउन आला होता, आणि फानिया ऑल-स्टार्स या वाद्यवृंदाबरोबर क्युबाची गायिका सेलिया क्रूझ. ती स्पॅनिशमध्ये गायली. घरी कोण आलं होतं आणि यजमान कोण होतं, हे ठरवायला त्या रात्री तिथे कुणी थांबलं असेल असं वाटत नाही.

त्याच सुमाराला समुद्रापलीकडे, कोलंबियाच्या कार्ताहेना आणि बारांकियात, उलटा प्रवास चालू होता. तिथल्या काळ्या वस्त्यांत 'पिको' असायचे, म्हणजे भिंतीएवढे रंगवलेले स्पीकर लावून गल्लीत नाच भरवणारे. त्यांच्याकडे खलाशांमार्फत काँगोच्या आणि इतर आफ्रिकेच्या तबकड्या पोचल्या. लिंगाला तिथे कुणाला येत नव्हती. लोक ऐकू येईल तसे शब्द पकडून गाण्यांना आपली स्पॅनिश नावं ठेवत, आणि त्याच आवाजांतून पुढे तिथला चँपेटा हा संगीतप्रकार जन्मला. पिकोवाल्यांची आपसांत स्पर्धा भयंकर. नवी तबकडी हाती लागली की पिकोवाला पहिलं काम काय करायचा, तर तिच्यावरचं लेबल खरवडून काढायचा. गायक कोण, गाव कोणतं, कंपनी कोणती, प्रतिस्पर्ध्याला काही कळता कामा नये. मग मधोमध नुसतं करडं वर्तुळ उरलेली ती तबकडी तो फिरवायचा आणि गल्ली नाचायला लागायची.